रेकॉर्डबाहेरची गाणी

आज गीतरामायण म्हटले की एकच आवाज कानात उमटतो, सुधीर फडके यांचा. छप्पन्न गाणी आणि गळा एकच. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायण मात्र असे नव्हते. तिथे पात्रागणिक गायक वेगळा होता. रामाला फडके यांचा आवाज, सीतेला माणिक वर्मांचा, कौसल्येला ललिता फडके यांचा. वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, मालती पांडे, गजानन वाटवे, लता मंगेशकर अशी मंडळी त्या वर्षभरात त्या ध्वनिक्षेपकासमोर येऊन गेली. सगळी गाणी एकट्या फडक्यांच्या आवाजात एच. एम. व्ही.च्या तबकड्यांवर आली ती नंतर. म्हणजे घरोघरी जे मूळ म्हणून ऐकले जाते, ते संगीतकाराने आपल्याच रचनांना दिलेले दुसरे रूप आहे. पहिले रूप ऐकायचे तर मुद्दाम शोधावे लागते.

रॉक संगीताच्या श्रोत्यांना असा शोध नवा नाही. एखाद्या गीतकार-गायकाचे छापील अल्बम ऐकून झाले की त्यांची खरी भूक तिथून पुढे सुरू होते. स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन अल्बमात न घेतलेली गाणी, एकाच गाण्याचे टाकून दिलेले टेक, मैफलीतली वेगळी रूपे, दुसऱ्या कलावंतांनी गायलेली कव्हर. या सगळ्याची तिथे तारीखवार नोंद ठेवली जाते. आपल्याकडे गाण्यावर प्रेम उदंड आहे, पण ते बहुतेक एकाच रूपावर स्थिरावते. ‘आपले’ गाणे म्हणजे लहानपणापासून कानावर पडलेली तीच तीन मिनिटे. त्या तीन मिनिटांच्या आजूबाजूला काय होते हे विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे असे मला मनापासून वाटते. कारण गाणे कसे घडते हे कळायचे असेल तर तयार गाणे फारसे बोलत नाही. न घेतलेले, बदललेले, पुन्हा गायलेले रूप बोलते.

अशा शोधातले सर्वांत मोठे नाव म्हणजे अमेरिकी गीतकार-गायक बॉब डिलन. त्याचा पहिला अल्बम १९६२ मध्ये आला. त्यातल्या तेरा गाण्यांपैकी त्याची स्वतःची दोनच, बाकी लोकगीते आणि इतरांच्या रचना. पुढे २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या माणसाची सुरुवात दुसऱ्यांची गाणी गाण्यातून झाली. १९६७ मध्ये वुडस्टॉकजवळच्या एका गुलाबी घराच्या तळघरात त्याने साथीदारांबरोबर शंभराहून अधिक गाणी टेपवर घेतली. ती विक्रीसाठी नव्हती. तरी त्यातली काही बाहेर फुटली आणि १९६९ मध्ये कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातली एक चोरटी तबकडी अमेरिकेत विकली जाऊ लागली. रॉक संगीतातली पहिली गाजलेली बेकायदा तबकडी ती हीच. शेवटी १९९१ पासून डिलनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीनेच न छापलेली गाणी अधिकृतपणे काढायला सुरुवात केली आणि त्या मालिकेचे नावही ‘बूटलेग सीरिज’, म्हणजे चोरट्या तबकड्यांची मालिका, असेच ठेवले. पहिल्याच संचात एका आंधळ्या ब्लूज गायकावरचे ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’ हे गाणे निघाले. १९८३ च्या अल्बममधून डिलनने ते गाळले होते. त्याच्या सर्वोत्तम रचनांत आज त्याची गणना होते. कवीचा स्वतःच्या कवितेबद्दलचा निर्णय दरवेळी बरोबरच असतो असे नाही.

टेक ऐकून काय मिळते याचे उदाहरणही डिलनचेच देतो. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे सहा मिनिटांचे गाणे जून १९६५ मध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाले. पहिल्या दिवशी त्याची चाल तीन मात्रांच्या झोक्यात होती. दुसऱ्या दिवशी ठेका चारचा झाला आणि चौथ्या टेकला गाणे जमले. त्यानंतरही बरेच टेक झाले, पण कशातच तो जोम पुन्हा आला नाही. २०१५ मध्ये हे सारे टेक क्रमाने प्रसिद्ध झाले तेव्हा लोकांना कळले की आपण ज्याला अटळ समजत होतो ते किती थोडक्यात हातात आले होते.

आपल्याकडे टाकून दिलेले टेक इतके दुर्मीळ का, याचे पहिले उत्तर तंत्रात आहे. टेप येण्यापूर्वी ध्वनी मेणाच्या जाड चकतीवर थेट कोरला जाई. टेक पसंत पडला नाही तर मेणाचा तो थर तासून चकती पुन्हा वापरीत. म्हणजे चुकलेला टेक उरतच नसे. उरला तर एखादा पर्यायी टेक, तोही कंपनीने सावधगिरी म्हणून ठेवलेला. तबकडीच्या लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक कोरलेला क्रमांक असतो. जुन्या तबकड्यांचे संग्राहक भिंग घेऊन तो आधी वाचतात, कारण लेबल तेच असले तरी आतला टेक कोणता हे त्या कोरीव खुणेवरून पुष्कळदा ओळखता येते. पुढे टेप आली, पण टेप महाग होती. एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणे ही जगभरच्या नभोवाणीची रीतच होती. बी.बी.सी.ने बीटल्सची रेडिओवरची कितीतरी गाणी अशीच पुसून टाकली. १९९४ मध्ये त्या गाण्यांचा संच निघाला, तेव्हा श्रोत्यांनी घरी रेडिओवरून टेप करून ठेवलेल्या प्रतींचाही आधार घ्यावा लागला.

तबकडीने गाण्याचा आकारही ठरवून टाकला. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटे मावतात. बालगंधर्व रंगभूमीवर एकेक पद वन्समोअर घेत कितीतरी वेळ रंगवीत. तेच पद तबकडीवर तीन मिनिटांत उरकावे लागे. तासभर चालणारा पोवाडा तबकडीच्या दोन बाजूंत कोंबावा लागे. त्यामुळे त्या काळातल्या गाण्याचे अधिकृत रूप म्हणून जे आपल्या हाती आले, तो पुष्कळदा मूळ गाण्याचा सारांश आहे.

कोल्हापूर परिसराला तर गाण्याच्या दोन-दोन रूपांचा वारसाच आहे. सांगवड्यात जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ लिहिलेली असे. ही चाल कोणत्या ठुमरीची, कोणत्या कानडी पदाची, कोणत्या लावणीची, हे तिथे उघड सांगितलेले असे. दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवले हे लपवावे असे कुणाला वाटत नव्हते. वाचकाने ती मूळ चीज आठवून पद म्हणावे हीच अपेक्षा होती. कव्हर गाण्यांच्या अभ्यासकाला याहून चांगला दस्तऐवज सापडणार नाही. जुनी नाट्यपुस्तके कुणाच्या माळ्यावर असतील तर त्यातल्या चालींच्या या नोंदी एकदा सलग वाचून पाहाव्यात. मराठी रंगभूमीने कुठून कुठून सूर आणले याचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो.

याच टेंब्यांनी १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत दिले. प्रभात तेव्हा कोल्हापुरातच होती, पुण्याला गेली ती पुढच्या वर्षी. हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला. पार्श्वगायन अजून रुळले नव्हते, नट कॅमेऱ्यासमोरच गात. एकाच चित्रपटासाठी त्याच कलावंतांना दोन भाषांत गावे लागे, आणि मराठीत शब्दांचे वजन जिथे पडते तिथे ते हिंदीत पडत नाही. अशी जोडरूपे शेजारी ठेवून ऐकली की भाषा चालीला कशी वाकवते हे कान आपोआप शिकतो.

आणि गाळलेल्या गाण्याचे उदाहरण पाहा, ते केवढ्या मोठ्या नावाचे आहे. लता मंगेशकरांनी चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित केलेले पहिले गाणे १९४२ च्या ‘किती हसाल’मधले, सदाशिवराव नेवरेकरांच्या संगीतातले. ते चित्रपटातून वगळले गेले. भारतीय चित्रपटसंगीतातल्या सर्वांत दीर्घ कारकिर्दींपैकी एकीची सुरुवात अशी न ऐकल्या गेलेल्या गाण्याने झाली. पुढे त्या मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्सबरोबर कोल्हापुरात राहिल्या, आणि वीसेक वर्षांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना त्यांनी ‘आनंदघन’ या टोपणनावाने संगीत दिले. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. त्यांच्या गायनाच्या डोंगराआड ही संगीतकाराची छोटी वाडी फार काळ झाकलेली राहिली. एखाद्या कलावंताला समजून घ्यायला अशा बाजूच्या वाटा फार उपयोगी पडतात. लताबाईंच्या चालींत मराठमोळ्या लोकसंगीताची जी ओढ दिसते, ती त्यांनी इतरांसाठी गायलेल्या हजारो गाण्यांतून इतकी थेट दिसत नाही.

पुन्हा गीतरामायणाकडे येतो, कारण मराठीत एवढे भरगच्च उदाहरण दुसरे नाही. कल्पना पुणे आकाशवाणीतल्या सीताकांत लाड यांची. शब्द ग. दि. माडगूळकरांचे. चाली कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक गाणे. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि रामनवमी ते रामनवमी हे अंतर लांबले. १ एप्रिल १९५५ पासून शुक्रवार मोजत गेलो तर १३ एप्रिल १९५६ पर्यंत ५५ भरतात, आणि समारोपाचे गाणे १९ एप्रिलच्या रामनवमीला. अशी छप्पन्न. पंचांगातल्या एका अधिक महिन्याने मराठी साहित्याला चार गाणी जास्त दिली, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्याच गाण्याबद्दल एक आठवण सांगितली जाते. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला. प्रसारण तोंडावर आलेले. माडगूळकर संतापले, पुन्हा लिहायला तयार होईनात. शेवटी लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून दार लावून घेतले आणि थोड्या वेळात गीत नव्याने उतरले. ही आठवण जशीच्या तशी खरी धरली तर गीतरामायणाच्या पहिल्या गाण्याचा पहिला खर्डा कायमचा गेला. नव्याने लिहिताना कवीने जुनेच आठवून लिहिले की त्या रागाच्या भरात वेगळेच काही सुचले, हे कळायला आता मार्ग नाही. मला या हरवलेल्या कागदाचे राहून राहून कुतूहल वाटते.

मूळ प्रसारणातली जी ध्वनिमुद्रणे आज रसिकांत फिरतात, ती फडक्यांच्या तबकड्यांच्या शेजारी ठेवून ऐकावीत. पहिला फरक लगेच कळतो. सीतेचे गाणे माणिक वर्मा गातात तेव्हा ती सीता असते, तिच्या तोंडून ते येत असते. तेच गाणे फडके गातात तेव्हा ते सीतेबद्दल सांगत असतात. पट्टी बदलते, स्त्रीच्या आवाजासाठी वर असलेली जागा पुरुषाच्या गळ्यात खाली येते आणि तिथला आर्त स्वर समंजस होतो. पहिले रूप संगीतिकेच्या जवळचे आहे, दुसरे कीर्तनाच्या. कीर्तनकार जसा उभ्या जागी राजा होतो, दासी होतो, वानर होतो आणि तरी स्वतः तिथेच असतो, तसे फडके या छप्पन्न गाण्यांत वावरतात. म्हणून त्यांचे उच्चार इतके स्वच्छ लागतात, प्रत्येक जोडाक्षर पोचवणे हे कथेकऱ्याचे कामच असते. माझे मत विचाराल तर रामाची आणि निवेदनाची गाणी फडक्यांच्या तबकड्यांवरच ऐकावीत. सीता आणि कौसल्येची मात्र आकाशवाणीवरचीच जास्त भिडतात. यावर मतभेद होतील, आणि दोन्ही रूपे ऐकून झालेले मतभेद मला हवेच आहेत.

तिसरे रूप मैफलीचे. फडक्यांनी गीतरामायण पुढे अनेक वर्षे गावोगाव गायले. प्रभाकर जोगांसारखे व्हायोलिनवादक साथीला असत. गाण्यांच्या मधले निरूपण, एखादे कडवे पुन्हा घेणे, सभागृह बघून लय किंचित धरणे वा सोडणे, हे तबकडीवर कुठेच नाही. चौथे रूप अनुवादांचे. हिंदी, कानडी, गुजराती, कोकणी, संस्कृत अशा भाषांत ही गाणी त्याच चालींवर बसवली गेली. चाल कायम ठेवून शब्द बदलायचे म्हणजे अनुवादकाला ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब मात्रेला मात्रा जुळवून द्यावा लागतो. आणि श्रीधर फडके वडिलांच्या या रचना मंचावर गातात ते पाचवे.

अशी आणखी एक जोडी सहज ऐकण्यासारखी आहे. सुधीर मोघ्यांचे ‘सखी मंद झाल्या तारका’ राम फाटकांनी आकाशवाणीसाठी बांधले तेव्हा ते भीमसेन जोशींनी गायले. पुढे ते सुधीर फडक्यांच्या आवाजात घराघरांत गेले. भीमसेनांचे ऐकताना रागाचा विस्तार हाताशी असूनही ते स्वतःला आवरतात हे जाणवते. फडके शब्दाच्या काठाकाठाने जातात. चाल तीच, गाणे दोन. कोणते मूळ असे विचारले तर आधी गायले गेलेले पहिले, पण बहुतेक रसिकांच्या मनात मूळ म्हणून दुसरेच बसले आहे. डिलनच्या १९६७ च्या ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’चे असेच झाले. जिमी हेंड्रिक्सने काही महिन्यांत विजेच्या गिटारीवर त्याचे रूप असे पालटले की पुढे डिलन स्वतःही मैफलीत हेंड्रिक्सच्या वाटेने ते गाऊ लागला. ज्या अल्बममध्ये हे गाणे आहे त्याच्या वेष्टनावर डिलनच्या शेजारी बंगालचे पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे बाउल गायक उभे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कव्हरचा आपल्याकडचा बाजार मात्र कॅसेटने उभा केला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की मूळ ध्वनिमुद्रण होऊन दोन वर्षे उलटली की सूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून तेच गाणे दुसऱ्या गायकाकडून ध्वनिमुद्रित करता येई. टी-सिरीजने ऐंशीच्या दशकात या तरतुदीवर मोठा धंदा केला. अनुराधा पौडवाल यांच्या आवाजातली लताबाईंची गाणी स्वस्त कॅसेटवर खेडोपाडी पोचली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत पाच वर्षांची झाली. वेष्टनावर हे कव्हर आहे असे स्पष्ट छापणे सक्तीचे झाले आणि मूळ गायकाचे नाव किंवा चित्र वापरण्यास मनाई आली. ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी वाढलेल्या पुष्कळांच्या कानात एखाद्या जुन्या गाण्याचे कव्हरच मूळ म्हणून बसले आहे, त्याचे कारण हे.

कुठल्याच तबकडीवर नसलेली रूपे कुठे सापडतील, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीसारख्या गावांतच. वेदगंगेकाठचे हे भुदरगड तालुक्याचे ठिकाण. १९५२ मध्ये इथे मौनी विद्यापीठ उभे राहिले, त्यानंतर तीन वर्षांनी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. रेडिओसाठी तेव्हा पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत, आणि ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओसरीवर आळी जमे. पुढच्या पिढीकडे टेपरेकॉर्डर आले. आवडीच्या गाण्यांची यादी देऊन दुकानातून कॅसेट भरून आणणे, गणेशोत्सवातला कार्यक्रम पुढच्या रांगेत बसून टेप करणे, रेडिओला टेप चिकटवून आवाज येऊ नये म्हणून घरच्यांना गप्प बसवणे, हे सगळे या भागात घरोघरी झाले. त्या कॅसेट आजही कपाटांच्या तळाशी आहेत. शाहिरांचे, भजनी मंडळांचे, गावात येऊन गेलेल्या मोठ्या गायकांचे जे आवाज कुठल्याच कंपनीने छापले नाहीत, ते असले तर तिथेच असतील. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने डॉ. सुरेश चांदवणकरांच्या धडपडीतून जुन्या तबकड्यांची माहिती छापून ठेवण्याचे मोठे काम केले. घरगुती कॅसेटचे असे काम अजून व्हायचे आहे.

कॅसेट सापडली तर लगेच वाजवू नये. आधी दोन्ही चाकांना पेन्सिल लावून फीत मोकळी फिरते का पाहावे, बुरशीचा पांढरा थर दिसला तर जाणकाराला दाखवावी. चांगल्या डेकवर एकदाच वाजवून त्याच वेळी संगणकावर घ्यावी, एम.पी.थ्रीत नव्हे, डब्ल्यू.ए.व्ही. फाइलमध्ये. घरगुती टेपरेकॉर्डरची गती क्वचितच अचूक असे, त्यामुळे आवाज जरा पातळ किंवा जड येतो. साथीची पेटी ऐकू येत असेल तर तिची पट्टी आपल्या पेटीशी ताडून गती दुरुस्त करता येते. ७८ च्या तबकडीला एल.पी.ची सुई लावू नये, तिची खाच एल.पी.च्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. आणि ती स्पिरिटने कधीही पुसू नये. ती लाखेची असते, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

प्रत करून घरी जपणे आणि ती लोकांत वाटणे यांत कायदा फरक करतो. आपल्याकडे प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांचा, पण शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, फडके २००२ मध्ये. म्हणजे गीतरामायणाचे शब्द २०३७ च्या अखेरीस सर्वांचे होतील आणि चाली २०६२ च्या अखेरीस. जपायला मात्र तोवर थांबता येणार नाही. फितीवरचा चुंबकीय लेप तेवढी वर्षे टिकेल याची खात्री नाही.

फाइलचे नाव देताना गाव, मंडळ, साल, साथीदार, टेप कुणी केली, कोणत्या यंत्रावर केली, हे जेवढे आठवेल तेवढे लिहावे, आणि जे अंदाजाने आहे त्यापुढे ‘अंदाजे’ लिहावे. गाण्यामागचे बोलणे, खोकणे, टाळ्या, मध्येच झालेली माइकची खरखर कापू नये. फडके दोन गाण्यांच्या मध्ये काय बोलत, कोणते कडवे कुठल्या गावी पुन्हा घेत, हे तबकड्यांवर नाही. ते असेल तर अशाच एखाद्या न कापलेल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला असेल.